साठ भोकांचा पुठ्ठा

साठपैकी एकोणसाठ मार्क, आणि वेळ चौतीस मिनिटं. आता तुम्हीच सांगा, माणसाला संशय येणार नाही तर काय येईल? माझा पेपर दीड तासाचा असतो. पोरं शेवटच्या मिनिटापर्यंत पेन चावत बसतात. आणि ही बया चौतिसाव्या मिनिटाला उठली, उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली आणि "येते सर" म्हणून चालती झाली.

मी नंदकिशोर. कामोठ्यात मेडिकलच्या वरती माझा क्लास आहे. नेटवर्किंग शिकवतो, राऊटिंग आणि स्विचिंग. म्हणजे एका कॉम्प्युटरवरून निघालेली माहिती दुसऱ्यापर्यंत कुठल्या रस्त्यानं पोचते, ते. अकरा वर्षं झाली. पोरं सर्टिफिकेशनची मोठी परीक्षा देतात, पण त्याआधी माझी साठ प्रश्नांची सराव परीक्षा. हे साठच्या साठ प्रश्न मी स्वतः काढलेत, कुठून ढापलेले नाहीत. नेटवर चोरीचे प्रश्नसंच मिळतात, ते पाठ करून पास होणारी जमात मला डोळ्यांसमोर नको असते. पहिल्याच दिवशी सांगतो, पाठांतर करायचं असेल तर दुसरा क्लास बघा.

तपासायची माझी एक पद्धत आहे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, अ, ब, क, ड. उत्तरपत्रिकेवर चार गोल, त्यातला एक काळा करायचा. माझ्याकडे एक जाड पुठ्ठा आहे, त्याला बरोबर उत्तरांच्या जागी साठ भोकं पाडलीयेत. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून काळं दिसलं की मार्क, पांढरं दिसलं की चूक. अठरा पेपर पंधरा मिनिटांत खलास. काम झालं की पुठ्ठा पाण्याच्या फिल्टरशेजारच्या खिळ्याला अडकवतो.

त्या बयेच्या, म्हणजे सिदराच्या पेपरवर पुठ्ठा ठेवला, तर एकच भोक पांढरं. एक्केचाळीस नंबरचं. तिथंच माझं डोकं फिरलं. कारण एक्केचाळीस म्हणजे अगदीच किरकोळ प्रश्न. माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते, त्याला आम्ही पॅकेट म्हणतो. राऊटरला ज्या पत्त्याचा रस्ताच माहीत नाही अशा पत्त्याचं पॅकेट आलं, तर तो काय करेल? टाकून देईल. पर्याय ड. संपला विषय. अवघड अवघड एकोणसाठ बरोबर आणि हा चूक? छे! उत्तरं हिच्या हाताशी होती. साठच्या साठ पडले तर सर विचारतील, म्हणून बाईसाहेबांनी एक मुद्दाम चुकवला. मला बनवायला निघाली होती!

साठच्या साठ पडले होते शिवतेजला. त्याचे वडील बाबासो आमच्या कराडकडचे, माझ्या शेजारच्या गावचे. पोरगा दर रविवारी सगळ्यांच्या आधी येतो, खुर्च्या लावतो, वाकून नमस्कार करतो. साठ पडले तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्यावर शंका घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. का आलं नाही, असं त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी त्याच्याच अंगावर खेकसलो असतो.

सिदराचं सगळंच मला खटकायचं. शेवटचा बाक. तोंडातून प्रश्न नाही. एक रविवार आड गायब, म्हणे ड्युटी. उरणकडं एका कंटेनर यार्डात ती कॉम्प्युटरच्या तक्रारी घ्यायला बसते. परीक्षेत आकडेमोडीला मी कच्चा कागद देतो, तो ती कोराच परत देते. अहो, मी इतकी वर्षं शिकवतोय, मला कागद लागतो. हिला लागत नाही?

आणि गोष्ट नुसत्या मार्कांची नव्हती. महापेला एक डेटा सेंटर आहे, तिथली मुख्य गीतांजली माझीच जुनी विद्यार्थिनी. दर बॅचला ती माझ्याकडून नाव मागते. माझ्या शब्दावर मुलाखत होते, आणि मुलाखत झाली की नोकरी झाल्यातच जमा. या वेळी तिनं दोन नावं मागितली होती. सिदराला ती नोकरी किती हवी होती, ते मला माहीत होतं. यार्डातलं तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं आणि घरून अब्बांनी सांगून ठेवलं होतं, एवढं जमलं तर ठीक, नाहीतर पेणला खालाच्या कपड्यांच्या दुकानात बसायचं. परीक्षा जरा लवकर घ्या म्हणून ती मला विनवायला आली होती, तेव्हा हे सगळं तिनंच सांगितलं होतं. मी त्याचा अर्थ काय काढला? एवढी गरज आहे, म्हणजे चोरी करायला कारण आहे. माझं डोकं असं चालतं.

सोमवारी सकाळी मी गीतांजलीला मेल टाकला. 'शिवतेज, साठपैकी साठ. डोळे मिटून घ्या. सिदरा, एकोणसाठ, पण मार्क संशयास्पद वाटतात. तूर्त थांबा.'

दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. वैजयंती क्लासच्या बाहेरच्या टेबलावर बसते, फोन घेते, पोरांना नावानिशी ओळखते. तिनं आमटीचा डाव खाली ठेवला.

"विचारलंत का तिला?"

"चोराला काय विचारायचं?"

"रिमोट सापडला नाही की तुम्हाला माझा संशय येतो. पेपर उशिरा आला की वॉचमनचा. तिचं नाव जाई असतं, तर टाकला असतात मेल?"

"भलतंच काय बोलतेस! असलं काही माझ्या डोक्यात नसतं."

"असं तुम्हीच म्हणता," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

मला ते झोंबलं. म्हटलं, थांब, आता पुराव्यासकटच दाखवतो. संध्याकाळी बसून साठही प्रश्नांचा क्रम उलटापालटा केला. वाचत नाही बसलो, नंबर धरून इकडचा तिकडे टाकला आणि नव्या क्रमाची उत्तरं एका कागदावर उतरवून घेतली. अ, क, ड असं कुणी ओळीनं पाठ करून आलं असेल तर तोंडघशी पडणारच. मग सिदराला फोन केला, उद्या अकराला ये, फॉर्मवर सही राहिलीय. सही वगैरे काही राहिली नव्हती.

मंगळवारी ती आली. उरणहून दोन गाड्या बदलून, रात्रपाळी करून. डोळे लाल झाले होते.

"मोबाईल इथं ठेव, पिशवी तिकडं. पहिल्या बाकावर बस," मी म्हणालो.

"सही कुठं करायची, सर?"

"सही नाही. पेपर आहे. परत द्यायचाय."

तिनं पिशवी बाजूला ठेवली. "सगळ्यांना परत आहे?"

"तू तुझं बघ."

तिनं पेन काढलं. मी खुर्ची ओढून तिच्या पुढ्यातच बसलो. बाहीत काही आहे का, तळहातावर काही लिहिलंय का, ओठ हलतायत का, सगळं बघितलं. ती प्रश्न वाचायची, वर पंख्याकडे बघायची आणि गोल काळा करायची. वाचलं, पंखा, गोल. बाहेर वैजयंती फोनवर कुणालातरी नव्या बॅचच्या वेळा सांगत होती. एकतिसाव्या मिनिटाला सिदरानं पेपर माझ्यापुढे सरकवला.

"कच्चा कागद का वापरत नाहीस तू?"

"यार्डात एका कानाला फोन असतो सर, एका हातात वॉकीटॉकी. कागद कुठं धरणार? डोक्यातच करायची सवय लागलीय."

पढवून आणलेलं उत्तर आहे, मी मनात म्हटलं. पुठ्ठा आता कामाचा नव्हता, म्हणून कागदावरची यादी घेऊन तपासायला लागलो. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा, चौथा. मला बरं वाटायला हवं होतं ना? शिकवलेलं येतंय पोरीला. पण नाही, माझा पारा चढत होता. नवव्यावर आलो. नववा म्हणजे जुना एक्केचाळीस. माझ्या यादीत ड. तिनं काळा केला होता क.

"सापडलीस!" मी टेबलावर हात आपटला. "क्रम बदलला, नंबर बदलला, तरी चुकला तोच. कुठला चुकवायचा ते घरूनच ठरवून येतेस, काय?"

"चुकवला नाही सर. बरोबर आहे ते."

"मला सांगतेस? रस्ता माहीत नसेल तर राऊटर पॅकेट टाकून देतो. हो की नाही?"

"हो."

"मग?"

"इथं रस्ता माहीत आहे ना पण. प्रश्नाखालचा तक्ता वाचा ना, सर."

"अकरा वर्षं हा प्रश्न देतोय मी! मी तक्ता वाचू?"

"शेवटची ओळ फक्त," असं म्हणून तिनं बोट ठेवलं.

मी चष्मा पुसला, म्हटलं हिचंही समाधान करू. तक्त्यात चार ओळी होत्या. पहिल्या तीन ओळींत तीन नेटवर्क आणि त्यांचे रस्ते. चौथी ओळ सगळी शून्यांची. आमच्या धंद्यात त्या ओळीचा अर्थ एकच, बाकी कुठलाही पत्ता आला तर या दारानं बाहेर पाठव. ही ओळ तक्त्यात असेल तर राऊटर ते पॅकेट टाकून देत नाही, त्या दारानं पुढे पाठवतो. पर्याय क. पहिल्या महिन्यातलं पोरगंही सांगेल.

ती ओळ मीच घातली होती. दुसऱ्या वर्षी. प्रश्न फारच सोपा पडतोय, सगळ्यांनाच येतो, म्हणून म्हटलं जरा गंमत करू आणि तक्त्यात एक ओळ वाढवली. उत्तर बदललं, पण पुठ्ठा तर आधीच तयार होता. साठ भोकं पाडायला अख्खी दुपार गेली होती, नवा कोण करत बसणार? बघू नंतर, असं म्हटलं होतं. त्यानंतर आजपर्यंत मी तो प्रश्न एकदाही वाचला नव्हता.

चूक माझी, आणि ओरडलो मी तिच्यावरच. "मग रविवारी का नाही बोललीस?"

"तुम्ही कुठलं उत्तर बरोबर धरलंय तेच माहीत नव्हतं तेव्हा. घरी गेल्यावर कळलं, तुम्ही ड धरता ते."

"घरी कसं कळलं?"

तिनं मोबाईल मागितला. मी दिला. तिनं त्यातला एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला. माझा पुठ्ठा! कुणीतरी खिळ्यावरून काढून पांढऱ्या कागदावर ठेवला होता आणि वरून फोटो मारला होता. साठच्या साठ भोकं स्वच्छ मोजून घ्यावीत अशी.

"जुन्या बॅचच्या ग्रुपवर फिरतो हा. मला जानेवारीत आला. मी उघडला होता सर, खोटं नाही बोलत. पाठ नाही केला. परीक्षा झाल्यावर घरी माझी उत्तरं आठवून ताडून बघितला, एकोणसाठ जुळले, एक नाही जुळला."

"म्हणजे आज तुला माहीत होतं, मला ड पाहिजे."

"हो."

"तरी क लिहिलंस?"

"ड चूक आहे ना, सर," ती म्हणाली. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं असावं.

बाहेर वैजयंतीचा फोनवरचा आवाज कधीचाच थांबला होता. मी पेपर पालथा घातला, परत सरळ केला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या पुठ्ठ्यानं साठच्या साठ मार्क द्यायचे, तर एक्केचाळीसला ड हवाच. आणि ज्याला हा विषय येतो तो ड लिहूच शकत नाही.

"शिवतेजला बोलवलंत का सर, परत पेपर द्यायला?" सिदरानं विचारलं.

फोन उचलून शिवतेजला लावला.

"एक्केचाळीसचं उत्तर काय रे?"

"ड, सर."

"का ड?"

"ड नाहीये का सर? ... सर, तो पुठ्ठा तुमीच तिथं लावता ना. पाणी प्यायला गेलं की समोरच दिसतो. सगळ्या बॅचला माहितीय. आमाला वाटलं तुमाला चालतं."

मी फोन ठेवला. खरं सांगतो, त्या पोराचा मला रागसुद्धा धड येईना. लाज वाटत होती, आणि ती कुणावर काढावी तेही सुचत नव्हतं. पाठांतर करणाऱ्यांना हाकलून देईन म्हणून दर बॅचला छाती ठोकणारा मी, आणि उत्तरं मीच फिल्टरशेजारी टांगून ठेवत होतो.

पण खरी अडचण पुढेच होती. "सिदरा, मी काल महापेला मेल टाकलाय. तुझ्या नावापुढं थांबा म्हणून लिहिलंय," मी सांगितलं.

ती उभी होती, ती बाकावर बसली. "का?"

"मार्क संशयास्पद वाटले म्हणून."

"मला न विचारता?" तिचा आवाज फुटला. "सर, मी रात्रपाळीवरून सरळ इथं आले. सही करायला बोलावलंत. अब्बांना मी सांगून बसलेय, सरांनी नाव पाठवलं. मी कुणाचं काय घेतलं होतं, सर?"

वैजयंती आत आली, तिनं सिदरापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लावा फोन. आत्ता, तिच्यासमोर."

मी गीतांजलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. माणूस कसा असतो बघा, अजूनही मला सुटायचंच होतं. म्हणालो, "अगं, कालच्या मेलमध्ये जरा गैरसमज झाला. सिदराचं नाव घे तू."

"सर, मेल मी एच.आर.ला पुढे पाठवलाय. त्यांनी तिचं नाव बाद केलं. आता कारण लिहून द्यावं लागेल. गैरसमज म्हणजे नक्की काय?"

सिदरा माझ्याकडे बघत होती. मला खोटं बोलता आलं असतं. पेपर तपासताना हात चुकला म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. कारण खरं सांगायचं म्हणजे नुसतं एक्केचाळीसचं सांगून भागणार नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर गीतांजलीनं जितकी पोरं घेतली, ती सगळी मी साठपैकी साठ म्हणूनच पाठवली होती. ते ऐकल्यावर माझ्या क्लासची काय इज्जत राहणार होती?

सांगितलं. सगळं सांगितलं. चौथी ओळ, पुठ्ठा, खिळा, ग्रुपवरचा फोटो, शिवतेज. मध्येच सिदरा म्हणाली, "फोटो मी पण उघडला होता, ते पण सांगा."

"ते कशाला?" मी फोनवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हटलं. "तुझंच नुकसान होईल."

"नंतर कळलं तर परत संशय घेतील."

मग तेही सांगितलं.

"सर," गीतांजली म्हणाली, "आमच्या बॅचलाही तो पुठ्ठा तिथंच असायचा."

तिला किती मार्क होते ते मला विचारायची गरज नव्हती. मीच पेढे वाटले होते.

"रागावू नका," ती पुढे म्हणाली, "पण तुमच्याकडून नावं घेणं आता बंद. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. शिवतेजचंही रद्द करते. दोघांनी थेट अर्ज करावा, कंपनीच्या साईटवर लिंक आज चारपर्यंत चालू आहे. मुलाखतीला मी बसणार नाही, दुसऱ्यांना बसवते. आणि सर, मुलाखतीत ते कागदावर काही विचारत नाहीत, राऊटर समोर ठेवून चालवायला लावतात." फोन बंद झाला.

सिदरानं ओढणीनं तोंड पुसलं. "कॉम्प्युटर वापरू का, सर? फोनवरून फॉर्म नीट दिसत नाही."

मी माझी खुर्ची तिला दिली आणि मागे उभा राहिलो. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव. भराभर टाईप करत होती. मग एक रकाना आला, तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकाचं किंवा वरिष्ठांचं नाव. मला मनापासून बरं वाटलं. एवढं तरी मला करता येण्यासारखं होतं.

"माझं टाक," मी म्हणालो. "नंबर पण टाक. कुणाचाही फोन येऊ दे, मी बोलतो."

तिची बोटं थांबली. ती मागे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

"नको, सर," ती म्हणाली. "तुमचं नाव दिसलं तर ते माझ्यावर शंका घेतील."

तिनं यार्डातल्या सुपरवायझरचं नाव टाकलं, त्यांचा नंबर तिला पाठ होता. सगळं एकदा वरपासून खालपर्यंत वाचून काढलं आणि अर्ज पाठवून दिला.